रामाकोन्याचे गवत

पोळा दोन-तीन दिवसांवर आला की सौंसर-पांढुर्ण्याकडच्या शेतकऱ्यांच्या घरांत धांदल उडते. बैल नदीवर नेऊन धुवायचे, शिंगे घासून त्यांना बेगड लावायची, नवी वेसण आणि नवा कासरा आणायचा, झूल झटकून ठेवायची. खांदशेकणीच्या संध्याकाळी पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे. या दिवसांत बैलापुढे वाळली कुटी टाकायला कोणाचाच हात धजत नाही. ज्याच्याकडे एकरभर जमीन नाही तोही इळा घेऊन ओढ्याकडे किंवा रानाकडे जातो आणि ओल्या गवताचा एक भारा डोक्यावर घेऊन घरी येतो.

१९३० साली श्रावणातली पोळ्याची अमावास्या २३-२४ ऑगस्टला आली होती. त्या वर्षी २१ ऑगस्टला सौंसर तहसिलीतल्या रामाकोना इथे जंगलाचा कायदा मोडल्याबद्दल बादल भोई या आदिवासी नेत्याला इंग्रज सरकारने पकडले आणि चांद्याच्या तुरुंगात पाठवले. म्हणजे पोळा तोंडावर होता. तारीख आणि पंचांग शेजारी ठेवून मी हा मेळ घातला, आणि तेव्हापासून रामाकोन्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पोळ्याच्या आठवड्यात गवताला हात लावणे गुन्हा ठरावा, यात काय चीड साठली असेल ते समजायला राजकारणाची पुस्तके उघडावी लागत नाहीत. गोठ्यात एकदा डोकावले की कळते.

रामाकोना नकाशावर कुठे आहे ते आधी सांगतो, कारण बरीचशी गोष्ट त्या जागेतच आहे. नागपूरहून सावनेर, मग राज्याची हद्द, मग सौंसर, आणि तिथून छिंदवाड्याकडे निघाले की रामाकोना. जुन्या अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी इथे थांबायची. ती २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. खाली कापसाची आणि संत्र्यांची रानं, वर सातपुड्याचा चढ आणि सागाचे जंगल. गाव बरोबर त्या दोहोंच्या शिवेवर. ज्याच्या दावणीला बैल आहेत आणि ज्याच्या उशाशी जंगल आहे, त्यालाच गवताचा कायदा बोचतो. नागपूरच्या वकिलाला तो वाचून कळत होता, रामाकोन्याच्या माणसाला तो रोज सकाळी भेटत होता.

बादल भोईंचे नाव छिंदवाड्याला अपरिचित नाही. तिथल्या राज्य आदिवासी संग्रहालयाला १९९७ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. संग्रहालय मुळात १९५४ मधले. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, बिरसा मुंडा जयंतीच्या दिवशी, आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या संग्रहालयाच्या नव्या रूपात त्याचे लोकार्पण पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीने केले. हे चांगलेच झाले. पण त्यांचे जे चरित्र सर्वत्र छापले जाते ते चार ओळींत संपते: परासिया तहसिलीतल्या डुंगरिया तितरा गावी १८४५ मध्ये जन्म, १९२३ मध्ये त्यांच्या मागे हजारो आदिवासी कलेक्टरच्या बंगल्यावर गेले, लाठीमार झाला, अटक झाली, १९३० मध्ये रामाकोना, आणि १९४० मध्ये तुरुंगात इंग्रजांनी विष दिल्याने मृत्यू.

या चार ओळी मी अनेकदा वाचल्या आहेत आणि दर वेळी त्यांत अडकलो आहे. जन्माचे साल खरे धरले तर रामाकोन्यात ते पंचाऐंशी वर्षांचे होते आणि गेले तेव्हा पंचाण्णव. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमात राखीव जंगलातल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड होता. मग १९३० मध्ये पकडलेला माणूस १९४० मध्ये तुरुंगात कसा? मधल्या दहा वर्षांत पुन्हा पकडले का, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तुरुंगात? हे प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्या मोठेपणावर शंका घेणे, असे काहींना वाटेल. मला उलट वाटते. ज्या माणसाबद्दल आपल्याला खरोखर आदर असतो त्याचे साल-वार आपण तपासून घेतो. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवर महाराष्ट्राने किती वर्षे कागद चाळले! बादल भोईंच्या वाट्याला चार ओळींवर पाचवी ओळ येऊ नये, हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

माझा मुद्दा मात्र नुसत्या चरित्राचा नाही. रामाकोना हे स्वातंत्र्यलढ्यातले ऐतिहासिक स्थळ आहे, आणि अशा स्थळाचे आपण काय करायचे हे आपल्याला अजून उमगलेले नाही, असे माझे म्हणणे आहे. ऐतिहासिक स्थळ म्हटले की डोळ्यांसमोर इमारत येते: किल्ला, वाडा, तुरुंगाची कोठडी, नेत्याचे भाषण झाले ते मैदान. छिंदवाड्यातही असे मैदान आहे. डिसेंबर १९२० चे नागपूर काँग्रेसचे अधिवेशन आटोपून गांधीजी ६ जानेवारी १९२१ रोजी छिंदवाड्याला आले आणि चिटणवीस गंजात त्यांची सभा झाली. त्या जागेला आज गांधी गंज म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अली बंधू छिंदवाड्यातच नजरकैदेत होते, त्यामुळे गावाचे नाव देशभर झाले होते. या सगळ्याला पत्ता आहे, पाटी आहे. रामाकोन्याच्या सत्याग्रहाला पत्ता कोणता? गवत कापले, ते वाळले, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवले. तिथे जतन करावी अशी भिंत नाही. म्हणून ती जागा स्मरणात मागे पडते आणि तिची आठवण शहरातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसते.

जंगल सत्याग्रह म्हणजे नेमके काय केले जात होते, ते आपण विसरत चाललो आहोत. राखीव जंगलाच्या हद्दीवर मुनारे असतात, दगडांचे रचलेले खांब. त्या मुनाऱ्याच्या अलीकडे गवत कापले तर ते गवत, पलीकडे कापले तर ती चोरी. सत्याग्रही आधी वर्दी देऊन जात. पलीकडे गेल्यावर माणूस वाकतो, डाव्या मुठीत गवताचा झुबका धरतो, उजव्या हाताने इळा बुडाशी लावून आपल्याकडे ओढतो. तीन-चार मुठी झाल्या की त्याच गवताचा पीळ करून पेंढी आवळतो. दोरी लागत नाही, काहीच लागत नाही. मग नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी, येतो, पोलीस येतो, पेंढी जप्त होते आणि माणूस गाडीत बसतो. ज्याने आयुष्यात पन्नास पावसाळे हे काम केले आहे त्याच्या हाताला त्यात काही नवीन नव्हते. नवीन होते ते एवढेच की काल जे पहाटेच्या अंधारात नाकेदाराची चाहूल घेत, घाबरत करावे लागे, ते आज भर दुपारी, नाव-गाव सांगून करायचे. कालपर्यंत जो चोर होता तो त्या दिवशी फिर्यादी झाला. माझ्या मते १९३० च्या सगळ्या चळवळीत याहून मोठी गोष्ट घडलेली नाही.

मिठाचे असे नव्हते. १२ मार्चला साबरमतीहून निघून ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडापुढे अडचण उभी राहिली, कारण इथे समुद्रच नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. पण ते निशाणीपुरते होते. पाऊस पडला, रान हिरवे झाले, तेव्हा या मुलखाला आपला स्वतःचा कायदा सापडला. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापले आणि पकडले गेले. त्याच पावसाळ्यात सांगलीकडे बिळाशी पेटली, बैतुल जिल्ह्यात घोडाडोंगरीच्या बाजूला गंजनसिंह कोरकू यांच्या मागे आदिवासी उभे राहिले, २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला गोळीबार झाला, ९ ऑक्टोबरला सिवनी जिल्ह्यातल्या तुरियाला झाला. तुरियात गेलेल्या चौघांत तीन स्त्रिया होत्या. मीठ उन्हाळ्यातले, गवत पावसाळ्यातले. चळवळीचे पंचांगच शेताच्या पंचांगावर आले, आणि म्हणून जी माणसे सभांना येत नव्हती ती या सत्याग्रहात आली. काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी आदिवासींना ‘आणले’ असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असते. मला ते उलटे वाटते. आदिवासी आणि लहान शेतकरी १८७८ च्या कायद्यापासूनच या प्रश्नापाशी उभे होते. काँग्रेस १९३० मध्ये तिथे पोहोचली.

पण पुढे काय झाले? ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. त्यात मिठाबद्दल एक सवलत पदरात पडली: मीठ जिथे तयार होते तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी किंवा गावातल्या विक्रीसाठी मीठ गोळा करायला आणि बनवायला मोकळीक. गवताबद्दल त्या करारात एक शब्द नाही. मिठासाठी तुरुंगात गेलेला घरी परतला तेव्हा त्याच्या गावाला थोडे तरी मिळाले होते. गवतासाठी गेलेला परतला तेव्हा मुनारे होते तिथेच होते. सत्याग्रह थांबवायचे ठरले आणि तो थांबला, पण वाद निकाली निघाला नाही. रामाकोन्याचे स्थळ म्हणून जे वेगळेपण आहे ते इथे आहे. दांडीच्या मिठाला इतिहास म्हणता येतो, कारण त्याचा निकाल लागला. रामाकोन्याच्या गवताचा खटला मात्र उघडाच राहिला.

या खटल्याला या भागात एक शब्द आहे: निस्तार. महाराष्ट्राच्या पश्चिमेकडच्या वाचकाला तो कदाचित ठाऊक नसेल. नागपूर, भंडारा, चांदा, छिंदवाडा, बैतुल या पट्ट्यात कोणाही म्हाताऱ्याला विचारा. गुरांची चराई, ओले-वाळले गवत, चुलीचे जळण, कुंपणाच्या काट्या, नांगर-वखराचे लाकूड, पाणवठ्याची वाट, मसणवटीची जागा: गावाला जगण्यासाठी गावच्या शिवारातून जे लागते ते सारे मिळून निस्तार. मालगुजारीच्या, म्हणजे इथल्या जमीनदारीच्या, काळात तो वाजिब-उल-अर्जमध्ये, गावच्या रूढींच्या नोंदवहीत, लिहिला जाई. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली, मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत २३४ व्या कलमाने दर गावाचे निस्तार पत्रक करण्याची तरतूद झाली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही ते प्रकरण आहे, कारण विदर्भाने हा शब्द बरोबर नेला. शब्द दोन्ही राज्यांच्या कायद्यात राहिला, पण जंगलावर १९२७ चाच कायदा चालत राहिला. ज्या कलमाखाली सत्याग्रही पकडले गेले ते कलम स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही त्याच आकड्याने लागू राहिले. १५ ऑगस्ट १९४७ नंतर मुनाऱ्यापलीकडे गवत कापणारा पुन्हा चोर झाला.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला तेव्हा संसदेने त्याच्या उद्देशिकेत आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांची नावे आहेत आणि त्यात हा आपला शब्द जसाच्या तसा आहे: निस्तार, मग त्याला कुठे काहीही म्हणोत. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा वेळ पुढे वाचूच शकलो नाही. दिल्लीच्या कायद्यात, इंग्रजी मजकुरात, आमच्या आजीच्या तोंडचा शब्द.

त्याच कायद्यात एक अट आहे, आणि ती रामाकोन्यासमोर ठेवली की अंगावर काटा येतो. जे आदिवासी नाहीत पण जंगलावर जगतात, त्या इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण तिथे राहून जंगलावर अवलंबून होतो हे दाखवावे लागते. पंचाहत्तर वर्षे मागे मोजा. १३ डिसेंबर १९३० येतो. कायदा त्या माणसाला विचारतो की १९३० च्या डिसेंबरात तुझे आजे-पणजे या जंगलावर जगत होते याला पुरावा काय? आणि सौंसर तहसिलीत १९३० च्या ऑगस्टमध्ये याच जंगलाच्या कायद्यावरून बादल भोई पकडले गेले होते. सरकारनेच पकडले, सरकारनेच गुन्हा नोंदवला असणार, सरकारच्याच कोर्टात खटला चालला असणार. जंगलात ते काय करत होते, कोणत्या गावचे होते, कोणत्या हद्दीत सापडले, हे सगळे सरकारच्या शाईने लिहिले गेले असणार, कारण त्याशिवाय शिक्षा होत नाही.

वनहक्काच्या नियमांत, तेराव्या नियमात, कोणता पुरावा चालतो त्याची यादी आहे. त्यात गॅझेटियर आहे, जनगणना आहे, बंदोबस्ताचे अहवाल आहेत, वनखात्याची दफ्तरे आहेत, आणि कोर्टाचे हुकूम व निकाल आहेत. गावातल्या वडीलधाऱ्याचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. म्हणजे जंगल सत्याग्रहाच्या शिक्षेचा कागद हा केवळ स्वातंत्र्यसैनिकाच्या सन्मानपत्राचा आधार नाही, तो गावाच्या हक्काचाही पुरावा होऊ शकतो. ज्या कागदाने आजोबाला गुन्हेगार ठरवले, तोच कागद नातवाला हक्कदार ठरवू शकतो. रामाकोन्याची आठवण जपायची ती यासाठी. हार घालण्यापुरती जपली तर तिचा जीवच काढून घेतल्यासारखे होईल.

आदिवासी कुटुंबांना पंचाहत्तर वर्षांची अट नाही, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा रहिवास पुरतो. शिवाय हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, तो देशभर कुठल्याही वनजमिनीला लागू आहे. तरीही पंचाहत्तर वर्षांच्या अटीकडे मी पुन्हापुन्हा येतो, कारण या तहसिलींत गोंड आणि कुणबी, तेली, गवळी, कोष्टी शेजारी-शेजारी राहत आले आहेत आणि त्यांची गुरे एकाच रानात चरत आली आहेत. हक्क मागताना एकाला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद झाले तर गावात तेढ येते. रामाकोन्याच्या कागदात दोघांचीही नावे शेजारी सापडली तर, तेढ निवळायला त्याहून चांगले औषध मला दिसत नाही.

मग हे कागद कुठे आहेत? इथे भाषावार प्रांतरचनेची गाठ पडते. १९३० मध्ये छिंदवाडा, नागपूर, चांदा, यवतमाळ हे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा-बैतुल नव्या मध्य प्रदेशात राहिले. इथली माणसे हद्दीच्या मध्य प्रदेशाकडच्या बाजूला राहिली, जुन्या प्रांताची बरीच दफ्तरे नागपूरला राहिली, तिथल्या पुराभिलेख कार्यालयात. बादल भोईंना ज्या चांद्याच्या तुरुंगात पाठवले ते आजचे चंद्रपूर, तेही महाराष्ट्रात. याच चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली होती. एका गोंड वीराला फाशी झाली तिथेच बहात्तर वर्षांनी सातपुड्यातल्या दुसऱ्या आदिवासी नेत्याला कैदी म्हणून आणले. हे दोन्ही प्रसंग एका गोष्टीचे दोन भाग आहेत, पण आपण ते दोन राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत वाटून टाकले. महाराष्ट्राचे पुस्तक पुसद, बिळाशी, चिरनेर सांगते. मध्य प्रदेशाचे तुरिया आणि घोडाडोंगरी सांगते. रामाकोना दोघांच्या मधल्या फटीत पडतो: मराठी मुलखातला म्हणून तिकडच्यांना कडेचा, मध्य प्रदेशातला म्हणून इकडच्यांना परका.

महाराष्ट्रातल्या मराठी वाचकांना याबद्दल थोडे मन मोकळे करून सांगतो. सीमाभाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बेळगाव, कारवार, निपाणी येतात, आणि यावेत. पण पांढुर्णा, सौंसर, मुलताईकडच्या घरांत जी मराठी बोलली जाते, जिच्यात विळ्याला इळा म्हणतात, तिच्याकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. इथले मूल घरात मराठी बोलते आणि शाळेत हिंदी लिहिते. त्यात त्याचे काही वाईट झाले असे मी म्हणत नाही. दोन भाषा येणे ही दौलत आहे. पण त्याच्या गावचा इतिहास जर दोन्ही भाषांत नसेल तर ती दौलत त्याच्या काय कामाची? आणि याच मुलाला उद्या नागपूरच्या दफ्तरातला मराठी कागद वाचता येईल, भोपाळला हिंदीत अर्ज करता येईल आणि ग्रामसभेत त्याच्या आजोबांशी वऱ्हाडीत बोलता येईल. रामाकोन्याचा खटला पुढे न्यायला याहून लायक माणूस कुठे मिळणार?

काही जाणते लोक यावर विचारतात, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही: जंगल लोकांच्या ताब्यात दिले तर ते राहील का? गवत, जळण, लाकूड म्हणता म्हणता डोंगर बोडका होईल. याला उत्तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दिले आहे. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ मध्ये आपला बांबू विकण्याचा परवाना हाती आला, आणि गावाने आपले नियम आपण करून जंगल राखले. सगळी गावे मेंढा होतील असा भाबडा विश्वास माझा नाही. पण जंगल ‘लोकांपासून’ वाचवायचे की ‘लोकांकडून’, हा प्रश्न १९३० मध्येही होता. त्या वेळी सरकारने पहिले उत्तर निवडले, आणि त्या उत्तराने सातपुड्याचा साग रेल्वेच्या स्लीपरांपासून वाचवला नाही.

दुसरा आक्षेप अधिक साधा आहे: एक चांगला पुतळा उभारा, चौकाला नाव द्या, झाले. पुतळ्याला माझा विरोध नाही. मुले पुतळ्याकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारतात, आणि इतिहासाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. पण पुतळा हा एका माणसाचा असतो आणि रामाकोन्यात जी गोष्ट घडली ती एका माणसापुरती नव्हती. बादल भोईंच्या मागे-पुढे जी माणसे मुनारा ओलांडून गेली असतील त्यांची नावे पुतळ्यावर मावणार नाहीत. ती कागदावर मावतात.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. रामाकोना आता छिंदवाडा जिल्ह्यात नाही. बादल भोईंचे संग्रहालय छिंदवाड्याला राहिले, त्यांच्या अटकेची जागा नव्या जिल्ह्यात आली. नव्या जिल्ह्याला आपली ओळख लागते. आज देशाला पांढुर्णा ठाऊक आहे तो गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, कॅमेरे येतात, दवाखाने तयार ठेवावे लागतात, दर वर्षी माणसे रक्तबंबाळ होतात आणि काहींचा जीवही गेला आहे. त्या परंपरेबद्दल गावाला जिव्हाळा आहे हे मी जाणतो, त्यावर इथे वाद घालत नाही. एवढेच म्हणतो की १९३० मध्ये त्याच आठवड्यात या जिल्ह्याची आणखी एक तारीख आली होती. एका दिवशी या जिल्ह्यातली माणसे एकमेकांसमोर उभी राहतात. आणि एका वर्षी याच दिवसांत ती एका साम्राज्यासमोर एकत्र उभी राहिली होती. जिल्हाधिकारी कार्यालयाने, पंचायतींनी आणि शाळांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी जंगलालगतच्या गावांत ग्रामसभा घेऊन त्या गावाचे निस्तार पत्रक मोठ्याने वाचावे. पत्रक कुठे हरवले असेल तर तेही सभेत सांगावे आणि नवे मागावे. एवढे झाले तर रामाकोन्याला वेगळे स्मारक लागणार नाही.

शेवटी, या दोन तहसिलींतल्या आणि हद्दीपलीकडच्या सावनेर, काटोल, वरूडच्या घरांना एक विनंती. आजोबा-पणजोबा जंगलाच्या खटल्यात अडकले, दंड भरला, कोंडवाड्यातून बैल सोडवून आणला, तुरुंगात गेले, असे कोणी सांगत असेल तर ते आजच लिहून घ्या, सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि तारीख घ्या. पेटीत दंडाची पावती, समन्स, सुटकेचा कागद, कोर्टाची नक्कल असेल तर त्याच्या दोन प्रती काढा. एक प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीला द्या आणि पोच घ्या, दुसरी गावच्या शाळेला द्या. मूळ कागद कोणालाही देऊ नका, तो घरातच ठेवा.